पहिलं पेर कुठलं

पंचवटी, नाशिक
बुधवार, ४ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप गोटीराममामांस,
समर्थचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मामीला सांगितले तर ती पहिल्यांदा आईला सांगेल, म्हणून पत्र लिहितो आहे. मी सकाळी ज्या वजनकाट्यावर काम करतो तिथेच चंदरची टोमॅटोची पिकअप लागते. त्याच्या हाती हे देतो. "मामांच्याच हातात दे," म्हटले तर तो म्हणाला, "प्रेमपत्र हाय का काय?"

मामा, माझ्यावर कॉपीची केस झाली आहे.

सोमवारी आमचा क्रिप्टोग्राफीचा पेपर होता. निरोप गुप्त कसा ठेवायचा, आणि तो गुप्त राहतो हे गणिताने कसे सिद्ध करायचे, याचे हे शास्त्र आहे. पूर्ण वर्षात मला हाच विषय सर्वांत जवळचा वाटला. कॅल्क्युलेटरला बंदी होती. एक प्रश्न असा होता: सातचा सहावा घात करून त्याला तेविसाने भागले तर बाकी किती? असली गणिते मी तुम्ही शिकवलेल्या रीतीने करतो. अंगठा पेरांवर चालवायचा. एका हाताची बारा पेरे, दोन्ही हातांची चोवीस, त्यातले शेवटचे सोडायचे म्हणजे तेवीस. तेविसावे पेर संपले की पुन्हा पहिले. सात साते एकोणपन्नास, म्हणजे दोन फेऱ्या पुऱ्या आणि अंगठा तिसऱ्या पेरावर. असे करत उत्तर चार आले. कागदावर आलेले उत्तरसुद्धा मी बोटांवर दोनदा तपासतो, हे तुम्हाला माहीत आहे.

दहावी नापास झाल्यावर दोन वर्षे मी तुमच्याबरोबर बैलबाजार केले. मोजणारा हात उघडा ठेवायचा नाही ही सवय तेव्हाची आहे. त्यामुळे पेपरातही माझे हात बाकाखाली, मांडीवर, रुमालाखाली होते. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पर्यवेक्षक आले आणि त्यांनी रुमाल ओढला. खाली काहीच नव्हते. ते म्हणाले, "चिठ्ठी नाही म्हणजे इशारे चाललेत." उजवीकडे एक बाक सोडून माझ्या वर्गातला रोहित बसला होता. त्याचे तेच उत्तर बरोबर आले होते आणि माझ्या पेपरात पायऱ्या नव्हत्या, फक्त उत्तरे होती. दोघांच्या उत्तरपत्रिका काढून घेतल्या.

आता त्यांनी एक छापील माफीनामा दिला आहे. सोमवारपर्यंत, म्हणजे १६ तारखेपर्यंत सही केली तर फक्त हा पेपर रद्द होईल. नाही केली तर १८ तारखेला समितीपुढे उभे राहायचे, आणि तिथे दोषी ठरलो तर दोन वर्षे परीक्षेला बंदी. मी पंचवीस वर्षांचा आहे. दहावी दोनदा नापास, बारावी बाहेरून. दोन वर्षांनी मला पुन्हा कोणी आत घेईल असे वाटत नाही.

मला समितीला खरे सांगायचे आहे. पण बैलाचा भाव उपरण्याखाली दुसऱ्या दलालाची पेरे दाबून कळवायच्या मोजणीबद्दल बाहेर बोलणार नाही अशी शपथ तुम्ही माझ्याकडून घेतली आहे. बोलू का?

आपला आज्ञाधारक,
समर्थ

---

दिंडोरी
ता. ७ डिसेंबर

चि. समर्थ यास गोटीरामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. चंदरनं माझ्याच हातात दिलं, पण देताना इतका वरडला की सारी आळी दारात आली. मामी इचारती काय लिवलंय. मी म्हणतो ऐकू येत नाय. बहिरेपणाचा तेवढाच फायदा.

तू चोरी केली नाय हे मला लिवायची गरज नव्हती. माफीच्या कागदाला हात लावू नको. मी चाळीस वरसं बाजार केला. बैल लंगडा असला तर लंगडा म्हणालो, आन माझ्यावर कुणी खोटा आळ घेतला तर भर बाजारात त्याचं धोतर धरलं. आपल्यात वाकायची रीत नाय.

पण उपरण्याखालचं त्या लोकांपुढं काढायचं नाय. ज्यानं मला शिकवलं, त्यानं माझा हात बैलाच्या वशिंडावर ठेवून शपथ घेतली व्हती. मी तुझा हात तसाच ठेवला. उपरण्याखालचं उपरण्याखाली ऱ्हातं. ते उघडं पडलं तर बाजारात आमच्या हाताला कोण हात देईल?

मग सांगू काय, म्हणशील. सांग, हाताला खरूज झाली व्हती. खरूज बघाया कुणी वाकत नाय.

मामी म्हणती पोराला बाजरीची भाकर धाडू. चंदरपाशी देतो.

गोटीराम

---

पंचवटी
मंगळवार, १० डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप मामांस,
साष्टांग नमस्कार.

भाकरी पोचल्या. एक चंदरने वाटेत खाल्ली आणि तसे कबूलही केले.

खरजेचे मी सांगणार नाही. एक खोटे बोलायचे नाही म्हणून सही करत नाही, तर तिथे दुसरे खोटे कसे बोलू?

रोहितने सही केली. तो देवळाली कॅम्पचा, वडील तोफखान्यात सुभेदार आहेत. त्यांच्या कानावर जायच्या आत त्याला प्रकरण मिटवायचे होते. कागदावर छापलेले आहे, 'शेजारील विद्यार्थ्याकडून मिळालेल्या इशाऱ्यांबद्दल मी दिलगीर आहे.' काल तो कॉलेजबाहेर चहाला भेटला.

"तू पण टाक ना सही," म्हणाला. "एका पेपरचा प्रश्न आहे."

"मी तुला कुठला इशारा केला, तेवढे सांग."

"मला काय माहीत? त्यांनीच छापून दिलंय."

"मग त्याखाली तुझे नाव का?"

त्याने चहा अर्धा ठेवला आणि गेला. आता त्याची सही म्हणजे माझ्याविरुद्धची साक्ष झाली आहे. वर्गात कोणी माझ्या शेजारी बसत नाही. मयूर नावाचा एक मुलगा मी दिसलो की रुमाल काढून हवेत हलवतो. मला राग आला पाहिजे, पण खरे सांगायचे तर मी दुसऱ्या दाराने निघून जातो. रात्री माफीनाम्याचा कागद काढतो, वाचतो, घडी करतो, परत ठेवतो. पेनचे टोपण मात्र अजून काढलेले नाही.

मामा, रागावू नका. आम्हाला हा विषय उज्वला मॅडम शिकवतात. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या होत्या, "शत्रूला तुमची सगळी पद्धत माहीत आहे असे धरून चला. लपवायची ती फक्त किल्ली. पद्धत लपवून जे सुरक्षित राहते, ते एक दिवस फुटतेच." वर्गाने ते वहीत उतरवून घेतले. मी लिहायचे विसरलो, कारण मला तुम्ही दिसलात. बाजारात पोचल्यावर चहाच्या गाड्यावर तुम्ही समोरच्या दलालाच्या कानात सांगायचात, "आज पहिलं पेर करंगळीच्या बुडाचं." पुढच्या बाजाराला दुसरे. बोटांची रीत बाजारातल्या सगळ्यांना थोडीफार माहीत होती, तरी तुमचा भाव चाळीस वर्षांत कोणाला कळला नाही. कारण त्या दिवशीचे पहिले पेर कुठले, ते फक्त दोघांना माहीत असायचे. तीच किल्ली. मोठमोठ्या लोकांनी पुस्तकात मांडलेला नियम तुम्ही चौथी शिकून पाळत होता.

म्हणजे रीत सांगितली तरी काही जात नाही. ती तशीही उघडीच आहे. तुम्ही १८ तारखेला येऊन एवढे दाखवाल का?

आपला,
समर्थ

---

दिंडोरी
ता. १३ डिसेंबर

उघडीच हाय म्हणतोस तर माझं काय काम. येणार नाय.
गोटीराम

(याच कागदाच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या अक्षरात:)

समर्थ, मी चंदर लिवतो. साळूमामी सांगती, मी लिवतो. चुका काढू नको, तुझी सवय मला ठाव हाय. मामा गोठ्यात गेलाय, तेवढ्यात उरकायचंय.

मामी म्हणती, दोघांची पत्रं मी चंदरकडनं वाचून घेतली. पोरा, तुझ्या मामाला तू नेमका दुखऱ्या जागी लागलास. शपथेचं निमित्त हाय. चार वरसं झाली, त्याच्या उपरण्याखाली कुणी हात घातला नाय. आता बैल बी मोबाईलवर व्हिडिओ बघून घेत्यात, भाव फोनवर ठरतो, आन फोनवरचं याला ऐकू येत नाय. तरी दर बाजाराला इस्त्रीचं उपरणं घेतो, जातो, झाडाखाली बसतो, सांजच्याला येतो. मी इचारलं कसा झाला बाजार, तर म्हणतो लय गर्दी. मी बी लय गर्दी म्हणते. त्याला वाटतं मला ठाव नाय.

तुला लिवलं ना, बाजारात हाताला कोण हात देईल म्हणून. आता बी कोण देत नाय. पर ते त्याला तुझ्यापुढं कबूल करायचं नव्हतं. हे तू त्याला कळू देऊ नको.

मामी म्हणती एवढंच. मी माझ्या मनानं लिवतो, सही करू नको लेका. आन भाकर मी भूक लागली म्हणून खाल्ली व्हती.

---

पंचवटी
रविवार, १५ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप मामांस,
साष्टांग नमस्कार.

माझे शेवटचे पत्र मी पुन्हा आठवून पाहिले. 'तशीही उघडीच आहे' हे वाक्य मी घाईत लिहिले. उपरणे तुमचे आहे. त्याबद्दल मी आता काहीही मागणार नाही आणि समितीपुढे चकार शब्द काढणार नाही. पेरांवर मोजतो एवढेच सांगेन. तेवढे तर आपल्याकडच्या कुठल्याही म्हातारीला येते.

माफीनामा काल परत केला. सहीच्या जागी लिहिले, 'हे घडलेले नाही.' लिहिण्याआधी वेगळ्या कागदावर चार वेळा लिहून पाहिले. खिडकीतल्या कारकुनाने वाचले आणि म्हणाला, "अरे, इथे सही करायची असते." मी म्हणालो, "ती खाली केली आहे." त्याने मला दोनदा वर-खाली पाहिले आणि शिक्का मारला.  मी पोच मागून घेतली.

एकच गोष्ट मला खात्रीने माहीत नाही, म्हणून विचारतो. दोन दलालांचे हात एकमेकांना लागले नाहीत, मध्ये बाकाएवढे अंतर असले, तर उपरण्याखालून भाव कळवता येतो का? हो की नाही, चंदरला तोंडी सांगितले तरी पुरे. बुधवारी अकरा वाजता बोलावले आहे.

आपला,
समर्थ

---

दिंडोरी
ता. २० डिसेंबर

चि. समर्थ यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या सवालाचं उत्तर 'नाय' एवढं चंदरपाशी द्यायचं व्हतं. तो म्हणला, "मामा, पिकअपमधी पुढं जागा हाय." मी म्हणलं, जागा हाय तर फुकट कशाला जाऊ द्यायची. म्हणून आलो. दुसरं काय कारण नाय.

तुला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं व्हतं आन नंतर बोलायला येळ भेटला नाय, चंदर हॉर्न मारत व्हता. तवा आत काय झालं ते लिवतो.

आत चार जणं. तिघं माझ्याकडं बघून वरडत व्हते. तुझ्या उज्वला मॅडमनी मातर सवाल मोठ्या अक्षरात कागदावर लिवून पुढं सरकवले. शिकलेली बाई हाय. पहिला सवाल, "तुम्ही समर्थला हे शिकवलंत का?" मी म्हणलं व्हय. माझा आवाज खोलीत जरा मोठा झाला असंल, कारण शिपाई आत डोकावला.

मधल्या मोठ्या साहेबांना म्हणलं, "साहेब, हात द्या." ते मागं सरले. म्हणलं, "भिऊ नका, बैल नाय इकत." मग दिला. मऊ हात, पेन धरायचा. वर उपरणं टाकलं. पहिलं पेर कुठलं ते त्यांच्या कानात सांगितलं, तर माझ्या मोठ्या आवाजानं सगळ्या खोलीला ऐकू गेलं. मॅडम हसल्या. मग मी आकडा दाबला. एकदा कळला नाय. दोनदा नाय. तिसऱ्या येळेला साहेब वरडले, "सतरा!" बरोबर सतरा व्हता. असे खूश झाले की म्हणले आणखी एक.

तवा दुसरे एक चष्मेवाले टेबल बडवून बोलले. मॅडमनी लिवून दिलं: "म्हणजे आकडे चोरून कळवता येतात, हे तुम्हीच सिद्ध केलंत, असं सर म्हणतात."

मी उठलो. उपरणं घेतलं, मधी एक खुर्ची सोडून पल्याडच्या खुर्चीत जाऊन बसलो. हात उपरण्याखाली घातला. चष्मेवाल्याला म्हणलं, "आता सांगा, मी कुठला आकडा धरलाय?" तो बघत ऱ्हायला. म्हणलं, "बघून काय दिसणार? हाताला हात लागल्याबिगर ह्यो येव्हार व्हतच नाय. लांबून बघणाऱ्याला कळू नये म्हणून तर वर कापड हाय. माझ्या भाच्याच्या आन त्या देवळालीच्या पोराच्या मधी एक बाक व्हता. इतका लांब हात बैलबाजारात बी मी बघितला नाय."

मोठ्या साहेबांनी उठून दोन खुर्च्यांमधलं अंतर हातानं मोजून बघितलं. 

मग मॅडमनी शेवटचा सवाल लिवला. "इशारा नव्हता, तर हात झाकला कशाला?" मी म्हणलं, ती खोड मी लावली. पोरगं मोजायला लागलं की मी त्याचा हात झाकायचो, म्हणायचो उघड्या हातानं मोजणारा लुबाडला जातो. चूक माझी. माझं नाव लिवून घ्या. त्यांनी लिवून घेतलं. खाली मी सही केली. माफीची नव्हे, साक्षीची.

शपथ मोडली म्हणशील. रातभर इचार केला. ज्यानं मला शपथ घातली तो बाजारात असता, तर पोरावर आळ आलेला बघून आधी त्यानंच उपरणं फेकलं असतं. आन त्या साहेबाचा हात उपरण्याखाली आला तवा माझी बोटं आपसूक चालली. बोटांना इसर पडला नाय. बरं वाटलं.

हे मामीला वाचून दाखवलं. ती म्हणली, लय गर्दी व्हती म्हणा की कचेरीत. असं का म्हणली कळलं नाय. बाई कवा काय बोलंल.

गोटीराम

---

पंचवटी
सोमवार, १३ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप मामांस,
साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण निकाल हातात आल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

२३ तारखेला समितीचे पत्र आले. त्यात होते, 'संशयाचा फायदा देऊन विद्यार्थ्यास मुक्त करण्यात येत आहे.' रोहित, चंदर, घरमालकीण झुंबरबाई, सगळे म्हणाले, सुटलास, पेढे आण. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. संशय होता तसाच ठेवून त्याचा फायदा मला दिला होता. मी अर्ज केला की मला फायदा नको, आरोप सिद्ध झाला नाही असे स्पष्ट लिहून द्या. खिडकीत तोच कारकून होता. "तुझं काही समाधान होत नाही का रे?" म्हणाला. मी म्हणालो, "एक शब्द आहे, सर. तो काढला की होईल." तीन वेळा गेलो. तिसऱ्यांदा त्याने मला बघूनच शिक्का हातात घेतला. २ जानेवारीला दुसरे पत्र मिळाले. त्यात लिहिले आहे, 'आरोप निराधार आढळला.' त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. मूळ प्रत माझ्याजवळ आहे.

त्याच दिवशी रोहित त्या खिडकीत उभा दिसला. तो माफीनामा मागे घ्यायला आला होता.  त्याच्या अर्जात त्याने 'निराधार' ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसह लिहिले होते. मी पेन काढून दुरुस्त करून दिले.

उत्तरपत्रिका अर्धवट काढून घेतल्या होत्या, म्हणून आम्हा दोघांचा पेपर शुक्रवारी पुन्हा घेतला. माझ्यासाठी दोन अटी होत्या. रुमाल आणायचा नाही, आणि दोन्ही हात सतत बाकावर, सर्वांना दिसतील असे. आणि पर्यवेक्षक तेच. ज्यांनी रुमाल ओढला होता ते. त्यांनी माझ्या समोर, चार फुटांवर खुर्ची टाकली.

आधी मला वाटले, जमणार नाही. उघड्या हाताने मी आयुष्यात कधी मोजले नव्हते. अंगठा उचलला की लाज वाटायची. पहिली वीस मिनिटे मी नुसता प्रश्नपत्रिकेकडे बघत बसलो. मग मॅडमचे वाक्य आठवले, आणि तुमचा चहाच्या गाड्यावरचा आवाज आठवला. मी दोन्ही हात बाकाच्या मधोमध ठेवले, तळवे वर करून, आणि मोजायला लागलो. त्यांच्या डोळ्यांदेखत. पायऱ्याही या वेळी एकेक करून लिहिल्या.

तीन तास ते माझ्या बोटांकडे बघत होते. पहिला तास संपल्यावर त्यांनी खिशातून कागद काढून त्यावर काहीतरी मांडायला सुरुवात केली. बहुतेक माझा अंगठा कुठल्या पेरावर जातो ते लिहून माझे उत्तर पकडायचे होते. मधूनच आपल्या बोटांवर मोजायचे, मग कपाळाला आठ्या घालून खोडायचे. शेवटची घंटा झाली तेव्हा त्यांनी उत्तरपत्रिका घेतली, कागद चुरगळला, आणि हळू आवाजात विचारले, "तू सुरुवात कुठून करतोस रे?"

मी म्हणालो, "सर, ते रोज बदलते."

आज निकाल लागला. शंभरपैकी शहाण्णव आहेत. चार कुठे गेले ते बघायला उत्तरपत्रिकेची प्रत मागितली आहे.

उज्वला मॅडमनी तुम्हाला विचारायला सांगितले आहे. पुढच्या वर्षी नवीन वर्गाच्या पहिल्या तासाला तुम्ही उपरणे घेऊन याल का? त्या म्हणाल्या, तीस मुले आहेत, सगळ्यांचे हात एकदा उपरण्याखाली जाऊ देत. मी म्हणालो, गर्दी होईल. त्या म्हणाल्या, होऊ दे.

शुक्रवारी पहिले पेर कुठले होते, ते मात्र मी तुम्हालाही सांगणार नाही.

आपला,
समर्थ